दुसऱ्या खुर्चीतले जावईबापू

माझा थोरला भाऊ झुरळाला भितो. म्हणजे नुसता दचकत नाही. झुरळ दिसलं की आधी ओरडतो, मग जवळच्या उंच वस्तूवर चढतो आणि तिथून वहिनीला हाका मारतो. एरवी माणूस धीट आहे. न्हाव्याचा धंदा, दिवसभर उघडा वस्तरा घेऊन लोकांच्या गळ्याशी उभा असतो, पण हात कधी थरथरला नाही. मात्र सहा पायांचं काहीही भिंतीवरून चालू लागलं की आमच्या दादाचा धीर सुटतो. अशा माणसाच्या वाट्याला जिवंत किडे चिमट्यात धरून भरवायचं काम आलं, आणि तेही कुणाला, तर सरड्याला. त्याची ही हकीकत.

दादाचं दुकान आणि माझं दुकान शेजारी शेजारी, मध्ये एक भिंत. तो केस कापतो, मी कपडे शिवते. काही सांगायचं असलं तर तो भिंतीवर ब्रशच्या मागच्या बाजूने ठोकतो आणि मी जाते, कारण मी गेले नाही तर तो ठोकतच राहतो. त्याचं दुकान अरुंद आणि लांबट आहे. दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर आरसे, टोकाला रस्त्याकडची खिडकी, आणि मध्ये दोन खुर्च्या. पहिली खुर्ची जुनी. तिच्या रेक्झिनला मीच तीन ठिकाणी ठिगळं लावली आहेत. दुसरी अगदी नवीकोरी. गोल फिरते, पायाने पंप मारला की वर जाते, मानेला उशी आहे. ती त्याने माझ्या भाचीसाठी घेतली होती.

भाची म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. पोरीचा हात बापापेक्षा हलका. लहानपणी माझ्या दुकानातल्या चिंध्या कापत बसायची, मोठी झाल्यावर केस कापायला लागली, आणि मग रीतसर कोर्स करून आली. तोवर दादाने खुर्चीवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. ती आली आणि म्हणाली, मला मोठ्या शहरात मोठ्या पार्लरमध्ये नोकरी लागली.

मग जे भांडण झालं ते भिंतीपलीकडून मला शब्दन् शब्द ऐकू आलं. या दोघांचा स्वभाव एकाच कापडातून बेतलेला. राग आला की दोघांची हनुवटी पुढे येते, नाकपुड्या फुगतात, आणि दोघंही जेवण सोडतात. त्या रात्री वहिनीने दोन ताटं वाढली आणि दोन्ही तशीच झाकून ठेवली. "जा," दादा म्हणाला होता, "पण या खुर्चीत दुसरं कुणी बसणार नाही. आणि आता तूही बसू नकोस." "नाही बसणार," ती म्हणाली. आणि गेली.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. जे काही असेल ते माझ्यामार्फत. तिचा फोन यायचा, "आत्या, बाबांना सांग." मी पलीकडे जाऊन सांगायची. दादा आरशात बघत म्हणायचा, "तिला सांग." मी परत येऊन सांगायची. वैतागून एकदा म्हटलं, मी शिंपीण आहे, टपाल खात्यात नोकरीला नाही. पण ऐकतो कोण?

सरडा तिचाच. रंग बदलणारा, शेपटीची गुंडाळी करून बसणारा, शॅमेलिअन म्हणतात तो. परदेशी निघालेल्या एका बाईने तिला दिलेला. तो तिच्या खोलीत राहायचा, त्याचे किडेही तिथेच, आणि दादा त्या खोलीच्या दारावरून जाताना पावलं मोठी टाकायचा. जाताना तिने त्याला एका मैत्रिणीकडे ठेवलं होतं, आणि नव्या शहरातली घरमालकीण जनावर ठेवू देईना. मग भाचीचा फोन आला.

"आत्या, बाबांना सांग, काही महिने सांभाळा. मला माहीत आहे, ते किड्याला हात लावणार नाहीत. जमत नसेल तर स्पष्ट सांगा. मी येऊन त्याला कुणालातरी देऊन टाकीन."

मी निरोप सांगायला गेले ते नकार गृहीत धरूनच. पण दादा छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तिला सांग, ठेव म्हणावं."

"अरे दादा, तू? किडे?"

"तो इथे असला तर तिला इकडे यावं तरी लागेल," तो म्हणाला. "तोही गेला तर तिचं इथे काय उरतं गं?"

हे बोलताना त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले. मी परत येऊन एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली.

वहिनीने मात्र मुलगी नसताना त्याला परत घरात ठेवायला साफ नकार दिला. "लोकांच्या मुली जावई आणतात, आमच्या मुलीने हा आणला. घरात तो तरी राहील नाहीतर मी. आणि स्वयंपाक त्याला येत नाही." झालं. त्या दिवसापासून सरड्याचं नाव जावईबापू पडलं आणि त्यांचा मुक्काम दुकानात हलला.

ठेवायचा कुठे? भाचीने सांगितलं होतं, त्याला उंचावर बसायला आवडतं. दादाने विचार केला आणि जाळीचा तो पिंजरा, आतल्या फांद्या-पानांसकट, दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. दिवा वर टांगला, पंप मारून खुर्ची उंच केली आणि झटकन फिरवून आरशासमोर आणली. तीस वर्षं हेच करत आलेला माणूस. खुर्चीत कुणी बसलं की त्याचं तोंड आरशाकडे करायचं, हे त्याचे हात त्याला न विचारता करतात. "करमेल याला," दादा म्हणाला. मलाही तेव्हा ते बरंच वाटलं.

किडे यायचे पाखरंवाल्याकडून. पक्षी, मासे, त्यांचं खाणं असं विकणारा माणूस. तो भोकं पाडलेल्या डब्यात रातकिडे भरून द्यायचा. भरवायच्या आधी त्यांना कॅल्शियमची पावडर लावायची, नाहीतर सरड्याची हाडं ठिसूळ होतात, असं भाचीचं सांगणं. हे काम दादाने आपल्या पद्धतीने केलं. केस रंगवायचे रबरी हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, आणि ज्या ब्रशने गिऱ्हाइकाच्या मानेला पावडर लावतात तसला एक जुना ब्रश घेऊन लांबूनच डब्यात फिरवला. पावडर लागलेला रातकिडा नुकत्याच दाढी करून उठलेल्या माणसासारखा दिसत होता. मग दादाने एकाला चिमट्यात धरलं, डोळे घट्ट मिटले आणि हात लांब केला.

जावईबापूंनी एक डोळा रातकिड्याकडे फिरवला, दुसरा दादाकडे फिरवला, आणि दोन्ही काढून घेतले. खाल्लं नाही.

"नवी जागा आहे, रुळेल," पाखरंवाला म्हणाला. जावईबापू रुळले नाहीत. रातकिडे मात्र छान रुळले. दादाच्या चिमट्यातून निसटलेले पाचसहा तरी दुकानातच स्थायिक झाले. एक कंगव्यांच्या बरणीमागे, एक खिडकीच्या चौकटीत, आणि एक कुठे होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण आवाज सगळ्यात मोठा त्याचाच. एके दिवशी आमचे मास्तर दाढीला बसले होते. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. डोक्यावर मोजके केस आणि मध्ये मैदान. एक रातकिडा नेमका त्या मैदानावर उतरला. दादाने वस्तरा जपून बाजूला ठेवला, ओरडला आणि स्टुलावर चढला. मास्तर अर्ध्या गालावर साबण घेऊन बसून राहिले. शेवटी भिंतीवरची ठोक ऐकून मी गेले आणि किडा पकडला.

इथवर गंमत होती. पुढे गंमत राहिली नाही. जावईबापू आले तेव्हा हिरवेगार होते, ते काळपट पडायला लागले. अंग फुगवून आरशाकडे तोंड करून बसायचे. पानांवर पाणी शिंपडलं की थेंब तेवढे चाटायचे, पण खाणं नाही. डोळे खोल गेले, कमरेची हाडं दिसायला लागली. दादाने किडे बदलून पाहिले. मागच्या मोकळ्या जागेतून हिरवे नाकतोडे आणले. अळ्या आणल्या. शेवटी पाखरंवाला म्हणाला, काही सरडे झुरळांवर जीव टाकतात.

मी तेव्हा तिथे होते म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. मोरीपाशी झुरळ निघालं, दादा ओरडला, स्टुलावर चढला. आणि मग उतरला. दाढीच्या पाण्याचा पेला घेतला आणि त्या झुरळावर उपडा टाकला. तोंड पांढरं पडलं होतं, पण पेला सोडला नाही. वहिनी डबा घेऊन आली होती. ती एरवी अशा वेळी दोन शब्द टोमण्याचे बोलल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी तिने पेल्याखाली सरकवायला पुठ्ठा आणून दिला. मला माझ्या भावाचं इतकं कौतुक आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

जावईबापूंनी झुरळाकडेही पाठ फिरवली.

भाचीचा फोन रोजच असायचा. "खातोय का?" दादा म्हणाला, "तिला सांग, ठीक आहे." मी म्हटलं, "हे असलं तू स्वतः सांग. माझ्या तोंडून खोटं जायचं नाही." आणि मी तिला खरं ते सांगितलं. ती मग म्हणाली, "रविवारी येते आणि नेते. इथे सरडे पाळणारी एक बाई आहे, तिला देईन. बाबांना सांग, माझीच चूक झाली. त्यांच्यावर टाकायला नको होतं."

हा निरोप ऐकून दादा पहिल्या खुर्चीवर बसला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तो कधी बसत नाही. त्या दिवशी घरी जाऊन जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशीही ताट परत. "आता दोघांचा उपास," वहिनी मला म्हणाली, "एक दुकानात, एक घरात. मी कुणाकुणाला भरवू?"

बुधवारी मास्तर केस कापायला आले. मोजकेच असले तरी ते वेळच्या वेळी कापून घेतात. काम झालं तसं दादाने नेहमीप्रमाणे हातातला आरसा उचलून त्यांच्या डोक्यामागे धरला, मागचं दाखवायला. उचलताना आरसा पिंजऱ्याजवळून गेला. जावईबापू एकदम फुगले, जबडा उघडून फुसकारले, आणि आरशाच्या दिशेने डुलायला लागले. दादाने आरसा खाली केला. डुलणं थांबलं. वर केला. पुन्हा फुसकारले.

"अरे, दिसलं मला मागचं," मास्तर म्हणाले. "आहे काय तिथे एवढं दाखवण्यासारखं?"

पुढच्या क्षणी भिंतीवर अशी ठोक पडली की माझ्या हातची सुई पडली. मी धावले.

"अगं, याला वाटतंय समोर दुसरा सरडा आहे," दादा म्हणाला. "हा फुगतो, म्हणून तो फुगतो. तो फुगला की हा आणखी फुगतो. आणि एकच नाही, बघ तर खरं!"

मी पिंजऱ्यामागे जाऊन वाकले आणि त्याच्या बाजूने बघितलं. समोरासमोर दोन आरसे. एकात सरडा, त्या सरड्यामागे सरडा, त्याच्याही मागे सरडा. पार टोकापर्यंत काळे, फुगलेले, रागावलेले जावईबापू ओळीने बसले होते. एवढ्या वैऱ्यांच्या पंगतीत बिचाऱ्याला घास कसा जाणार?

"न्हावी आहेस, शोभतोस," मी म्हटलं.

दादा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. त्याने खुर्ची फिरवली तर पलीकडेही आरसा. मग गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायची होती नव्हती ती सगळी कापडं त्याने आरशांवर टांगली. मास्तरांच्या अंगावरचंही काढून घेतलं. ती पुरली नाहीत म्हणून मी माझ्याकडचं पडद्याचं कापड आणलं, मोठाल्या गुलाबी फुलांचं. दुकानातला एकूण एक आरसा झाकला गेला. तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली, दारातच थांबली, आणि काय झालं ते मी तिला सांगितलं.

"समोर आपल्यासारखाच फुगून बसलेला दिसला की अन्न सोडायचं," ती म्हणाली. "यात मला नवं काय? माझ्या घरात असे दोन होते." आणि डबा ठेवून गेली. दादा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे कितीतरी वेळ बघत होता.

पुढचे दोनतीन दिवस दुकान कसं चाललं ते विचारू नका. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं आणि समोर गुलाबी फुलं. "अहो, काय कापताय ते दिसू तरी द्या!" "घरी जाऊन बघा." "आणि बिघडलं असलं तर?" "तर मला येऊन दाखवा, मलाही बघायचंय." काहीजण केस झटकत माझ्या दुकानात घुसायचे, कपडे घालून बघायच्या कोपऱ्यातल्या आरशात तोंड बघायचे आणि जायचे. शिवायला मात्र कुणी काही दिलं नाही.

जावईबापूंचा काळा रंग आधी तपकिरी झाला. मग कडेकडेने हिरवा फुटायला लागला. शनिवारी दुपारी मी चहा घेऊन गेले तर दादा पिंजऱ्याचं दार उघडून उभा होता. हातमोजे नाहीत, फडकं नाही, चिमटासुद्धा नाही. उघड्या तळहातावर पावडर लावलेला रातकिडा. दादाचे डोळे उघडे होते.

जावईबापूंचा एक डोळा फिरला. मग दुसरा फिरला. मग दोन्ही डोळे एकाच जागी येऊन थांबले, तोंड किंचित उघडलं, आणि फट्कन जीभ निघून परत गेलीसुद्धा. तळहातावर पावडरीचा ठिपका तेवढा राहिला. आतून कुडुमकुडुम चावल्याचा आवाज आला.

दादा हात तसाच पुढे धरून उभा होता, आणि रडत होता. "बोटाला लागली गं त्याची जीभ," तो म्हणाला. मग त्याने माझ्याकडून चहा नाही घेतला, माझा फोन घेतला आणि भाचीला लावला.

"हं, आत्या, मी उद्या सकाळच्या गाडीने..." भाची बोलायला लागली.

"जेवला गं," दादा म्हणाला.

पलीकडे काहीतरी खाली पडलं. मग अगदी बारीक, "बाबा?"

"माझ्या हातावरून जेवला. उघड्या हातावरून."

"तुम्ही? रातकिडा? हातावर?" ती हसत होती की रडत होती ते कळेना. मग तिने विचारलं, इतके दिवस का खात नव्हता, आणि दादाने आरशाचं सांगितलं. त्याबरोबर तिचा आवाज चढला. "आरशासमोर? बाबा, न्हावी झालात म्हणून सरड्यालाही आरसा?"

"मग आधी सांगायचं होतंस!"

"तुम्ही विचारलंत?"

"तू बोललीस?"

भिंतीपलीकडच्या माझ्या दुकानात दोन गिऱ्हाइकं शिवलेले कपडे न्यायला खोळंबली होती, ती दारात येऊन ऐकायला लागली. तेवढ्यात डबा घेऊन आलेली वहिनी मला म्हणाली, "चला, भांडायला लागले. आता काही काळजी नाही."

आणि एकाएकी दादा थांबला. हळू आवाजात म्हणाला, "तू जेवलीस का?"

"नाही अजून. तुम्ही?"

"नाही."

"मग आधी जेवा."

"तू जेव आधी."

यावरूनही भांडण होणार असं दिसलं, तेव्हा वहिनीने डबा उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने फोन कानाला लावूनच जेवण केलं. पलीकडेही ताटाचा आवाज येत होता.

रविवारी ती आली. दुकानात पाऊल टाकलं आणि फुलाफुलांच्या आरशांकडे बघून कपाळावर हात मारला. "बाबा, पिंजरा झाकायचा होता. दुकान नाही." दादाने, वहिनीने आणि मी एकमेकांकडे बघितलं. पिंजऱ्याला तीन बाजूंनी कापड लावलं असतं तर काम भागलं असतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी मुकाट्याने उरलेलं पडद्याचं कापड मापाला घेतलं.

दादाने मात्र सगळी बांधाबांध करून ठेवली होती. रातकिड्यांचा डबा, पावडर, तो ब्रशसुद्धा. "ने त्याला," तो म्हणाला. "पण त्या बाईला देऊ नकोस. तुझ्याजवळ ठेव. घरमालकिणीशी मी बोलतो. आणि तिथे नीट काम कर, मोठं पार्लर आहे." हे सगळं एका दमात म्हणून तो कंगवे पुसायला लागला. ते आधीच पुसलेले होते.

भाचीने पिंजरा उचलून स्टुलावर ठेवला आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीत बसली. बसायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं, त्याची आठवण कुणी काढली नाही. "केस वाढलेत माझे," ती म्हणाली. दादाने पंप सोडून खुर्ची खाली घेतली आणि तिचे केस कापले. झाल्यावर सवयीने त्याचा हात आरशावरच्या पडद्याकडे गेला. "राहू द्या," ती म्हणाली, "चांगलेच झाले असतील."

मग उठून तिने पिंजरा परत त्या खुर्चीवर ठेवला. मी शिवलेलं कापड तीन बाजूंनी बांधलं आणि तोंड तेवढं रस्त्याकडच्या खिडकीकडे केलं.

"अगं, नेतेस ना?" दादाने विचारलं.

"नाही. माझ्या जागी सध्या हा बसेल."

"आणि तू आलीस की?"

"मी आले की याने उठायचं," ती म्हणाली.

दादा खाली वाकला आणि पायाने पंप मारून खुर्ची जावईबापूंना आवडते तेवढी उंच केली.